डिसेंबरच्या रिसायटलपर्यंतचे अठरा आठवडे

प्रश्न : मी पुण्यात पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकवते. वय ३४. लंडनला शिकून आठ वर्षांपूर्वी परत आले. घरी २८ विद्यार्थी आहेत, प्रत्येकाचा पाऊण तासाचा वर्ग. शिवाय सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी एका शाळेत शिकवते. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मुंबईत माझं रिसायटल, म्हणजे एकटीनं वाजवायचा कार्यक्रम, ठरलं आहे. त्यात बाखची पहिली पार्टिटा (नृत्यांची मालिका), बेथोव्हनचा ओपस ११० सोनाटा आणि शोपाँचं जी मायनर बॅलड आहे. गेल्या वर्षी याच सोनाट्याच्या फ्यूगमध्ये, म्हणजे एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येते त्या भागात, मी विसरले, दोनदा मागे जाऊन सुरुवात केली आणि दोन्ही वेळा त्याच जागी अडकले. तेव्हापासून धसका बसलाय. रोज संध्याकाळी उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं. स्वतःचा सराव रात्री साडेनऊनंतर, जेमतेम पाऊण तास, आणि त्यावरही सोसायटीत कुरकुर. पावसात पियानोच्या पट्ट्या चिकटतात ते वेगळंच. शिकवण्यानं माझ्यातली वादक खाऊन टाकली असं वाटतं. निम्मे विद्यार्थी सोडू, की रिसायटल रद्द करू?

उत्तर : दोन्ही करू नका. ऑगस्टचा पहिला आठवडा चालू आहे, म्हणजे हातात अठरा आठवडे आहेत. हे तीन तुकडे मिळून पन्नासेक मिनिटांचे होतात आणि ते तुमच्या बोटांत आधीपासून आहेत. तेवढ्यासाठी अठरा आठवडे पुरतात. शिकवण्याबद्दल म्हणाल तर तुमचे तास फार नाहीत, ते चुकीच्या वेळी आहेत. आणि तुमचा हात ज्या पद्धतीनं तुम्ही शिकवता त्या पद्धतीनं दमतोय. म्हणून आधी हाताचं बोलू.

वर्गात तुम्ही कुठे बसता? बहुतेक शिक्षक विद्यार्थ्याच्या उजवीकडे, जरा मागे, साध्या खुर्चीवर बसतात. ती खुर्ची पियानोच्या बाकापेक्षा खाली असते. तिथून काही वाजवून दाखवायचं तर कंबर डावीकडे वळते, उजवा हात अंगावरून आडवा जातो, कोपर हवेत लटकतं आणि मनगट वर उचललेलं राहतं. मनगट वर धरणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात, आणि तुमचं दुखणं नेमकं तिथेच आहे. एका वर्गात पंधरा वेळा असं दाखवलं तर संध्याकाळच्या पाच वर्गांत पंच्याहत्तर वेळा झालं. तेही हात गरम न करता, तिरकं बसून, आणि बऱ्याचदा मुलाला ऐकू जावं म्हणून जरा जोरानंच. त्यानंतर साडेनऊला तुम्ही बॅलडची ऑक्टेव्ह, म्हणजे हात पूर्ण ताणून एकदम वाजवायचे आठ पट्ट्यांच्या अंतरावरचे सूर, घेऊन बसता. कोपरानं कुरकुर केली नसती तरच नवल.

उपाय साधे आहेत. शक्य असेल तर दुसरं वाद्य शेजारी ठेवा. वजनदार पट्ट्यांचा, ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो यासाठी पुरेसा आहे. त्याच्यासमोर स्वतःचं बाक, तुमच्या उंचीला लावलेलं. जागा नसेल तर दाखवताना विद्यार्थ्याला उठवा आणि बाकावर नीट मध्यभागी बसा. दहा सेकंद जातात, पण हात वाचतो. दोन वर्गांनंतर बाजू बदला, कधी उजवीकडे तर कधी डावीकडे. आणि दाखवण्याचं प्रमाण कमी करा. मुलानं आधी वाजवायचं, मग तुम्ही पूर्ण ओळ एकदाच, खऱ्या आवाजात वाजवायची. बाकीचं गाऊन सांगा. फ्रेझिंग, म्हणजे सुरांची वाक्यं कुठे जोडायची आणि कुठे तोडायची, हे गळ्यातून जास्त चांगलं कळतं. कुठे श्वास घ्यायचा हे मूल तुम्हाला गाताना बघून शिकतं, तुमची बोटं बघून नाही.

स्वतः वाजवताना एक गोष्ट तपासा. पट्टी साधारण दहा मिलिमीटर खाली जाते. ती तळाला टेकण्याच्या किंचित आधी, हातोडी तारेपासून दोनेक मिलिमीटरवर असताना, यंत्रणा हातोडीला सोडून देते. पुढचा प्रवास ती स्वतःच्या वेगानं करते. म्हणजे आवाज निघाल्यावर पट्टी कितीही दाबली तरी त्या आवाजात काही फरक पडत नाही. सूर धरून ठेवायला पट्टीवर नुसतं बोटाचं वजन पुरतं. दमलेला हात मात्र दाबतच राहतो. बॅलडमधला एखादा मोठा कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक सूर) वाजवा, धरून ठेवा आणि तेवढ्यात डाव्या हातानं उजव्या हाताचा कोपराजवळचा भाग चाचपून बघा. तो कडक लागला तर ती सवय मोडायची आहे. कॉर्ड, लगेच ढील, मग पुढचा कॉर्ड. आठवडाभर मेट्रोनोमच्या मिनिटाला ६० ठोक्यांवर एवढंच करा.

पहिले दोन आठवडे सराव निम्मा करा. पंचवीस मिनिटं वाजवायचं, पाच मिनिटं उठायचं. दुखायला लागलं की तिथेच थांबायचं. गोळी घेऊन किंवा बर्फ लावून पुढे वाजवायचं नाही. नंतर दर आठवड्याला रोजच्या सरावात दहा मिनिटं वाढवा. दोन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर हाताच्या तज्ज्ञाकडे किंवा वादकांचे हात पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. जाताना तिथल्या टेबलावर तुम्ही कशा बसता ते दाखवा, नुसतं तोंडी सांगू नका. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत मुंग्या येत असतील, किंवा करंगळी-अनामिका बधिर होत असेल, तर दोन आठवडे थांबूसुद्धा नका. आणि एखादं बोट न दुखता आपोआप आत वळत असेल, ऐकत नसेल, तर ते जास्त सरावानं कधीच सुटत नाही. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६०च्या दशकाच्या मध्यात असाच गेला. फोकल डिस्टोनिया, म्हणजे मेंदूकडून येणारे हुकूम बिघडून बोटं आपोआप वळणं, हे निदान व्हायला अनेक वर्षं लागली. तोवर ते डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिले आणि बॉल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेत शिकवत राहिले.

आता तास. २८ विद्यार्थी गुणिले पाऊण तास म्हणजे २१ तास. त्यातल्या सगळ्यात लहान, पहिल्या-दुसऱ्या ग्रेडच्या आठ मुलांच्या चार जोड्या करा आणि जोडीला एक तास द्या. सहा तासांचं काम चार तासांत होईल, फी तीच. त्या वयाच्या मुलांना जोडीत शिकणं आवडतं, एकमेकांचं ऐकतात, चार हातांचे तुकडे वाजवता येतात. राहिले १९ तास. ते पाच संध्याकाळी बसतात, सहावी संध्याकाळ मोकळी होते. फी दर महिन्याऐवजी बारा वर्गांच्या सत्राची, आगाऊ घ्या. चोवीस तास आधी कळवलं तर सत्रात एक वर्ग भरून मिळेल, त्याहून जास्त नाही. हे लेखी द्या. पालक पहिल्या सत्रात कुरकुर करतील, दुसऱ्यात करणार नाहीत.

सराव रात्रीतून सकाळी आणा. मंगळवार, गुरुवार, शनिवार तुमच्या सकाळी मोकळ्या आहेत. हात सावरला की नऊ ते साडेअकरामध्ये चाळीस मिनिटांचे तीन भाग, मध्ये पंधरा मिनिटांची विश्रांती. पहिल्या भागात त्या आठवड्यातली सगळ्यात अवघड जागा, अर्ध्या गतीत. दुसऱ्यात पाठांतर. तिसऱ्यात सलग वाजवणं. शाळेच्या दिवशी एकच भाग, दुपारी घरी आल्यावर, शेजारच्यांची विश्रांतीची वेळ सुरू होण्याआधी. सोसायटीला तुमच्या वेळा लिहून कळवा. ठरलेल्या वेळेचा आवाज लोक सहन करतात, कधीही येणारा करत नाहीत. पियानोच्या चाकांखाली रबरी वाट्या आणि मागच्या भिंतीपासून वीतभर अंतर ठेवलं तर खालच्या मजल्यावर जाणारी धमक कमी होते.

आता पाठांतर. तुमच्या पत्रात खरी भीती तीच दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही मागे जाऊन सुरुवात केलीत आणि पुन्हा तिथेच अडकलात, यावरून रोग कळतो. तुमचा तुकडा बोटांच्या आठवणीवर उभा होता. ती आठवण साखळीसारखी असते, आधीची हालचाल पुढचीला ओढून आणते. कडी तुटली की मागे जाऊन उपयोग नसतो, कारण तुटलेली कडी पुन्हा वाटेतच येते. तिला तीन आधार हवेत : कानाचा, म्हणजे पुढचा सूर आधी ऐकू येणं, डोळ्यांचा, म्हणजे पान आणि पट्ट्या दिसणं, आणि डोक्याचा, म्हणजे आत्ता कुठल्या स्केलमध्ये आहोत आणि कुठे चाललोय हे माहीत असणं.

संपूर्ण कार्यक्रमाला थांबे पाडा, एसटीच्या मार्गावर असतात तसे. पार्टिटाच्या प्रत्येक नृत्याला दोन, सोनाट्याला चौदा, बॅलडला दहा. पानावर पेन्सिलीनं आकडे घाला. प्रत्येक थांब्यावरून, पुस्तक बंद ठेवून, लगेच सुरू करता आलं पाहिजे. आधी उलट्या क्रमानं करा, शेवटचा थांबा पहिल्यांदा. मग चिठ्ठ्या टाकून, जो आकडा येईल तिथून. मग फक्त डावा हात. मग अर्ध्या गतीत. पाठ झालेला तुकडा अर्ध्या गतीत कोसळला, तर तो बोटांच्या भरवशावर आहे असं समजा. बोटांची आठवण वेगावर चालते, हळू केलं की ती सुटते. म्हणूनच ही परीक्षा सगळ्यात प्रामाणिक.

फ्यूगसाठी वेगळं काम लागेल. तीन आवाज, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या तीन स्वतंत्र सुरावटी, आहेत. एक आवाज गा, बाकीचे दोन वाजवा. तिन्ही आवाजांनी आळीपाळीनं हे करा. सुरुवातीला चार बारही (पानावर उभ्या रेघांनी पाडलेले तालाचे भाग) जड जातील. विषय, म्हणजे फ्यूगची मूळ सुरावट, कुठल्या आवाजात आणि कुठल्या सुरावर येतो याची यादी पुस्तक न बघता लिहून काढा. पहिला फ्यूग ए-फ्लॅट मेजरमध्ये चालतो आणि विषय चौथ्याचौथ्याच्या उड्यांनी वर चढतो. शेवटी ई-फ्लॅट सेव्हन्थचा कॉर्ड येतो. कानाला वाटतं ए-फ्लॅटला घरी परत जाणार, पण तो जी मायनरकडे वळतो आणि फ्यूगच्या आधी येऊन गेलेलं शोकगीत परत सुरू होतं. मग जी मेजरचे कॉर्ड वाढत जातात, आणि विषय उलटा होऊन खाली उतरायला लागतो. त्या ई-फ्लॅट सेव्हन्थला स्वतंत्र थांबा द्या. मनात उच्चार करा : इथून जी मायनर. ज्या वळणाचं नाव घेता येतं ते वळण सहसा चुकत नाही.

बॅलडचा सापळा ९४व्या आणि १९४व्या बारमध्ये आहे. पहिलं सूत्र दोन्हीकडे खालच्या धरलेल्या सुरावर येतं. पहिल्यांदा ए मायनरमध्ये, खाली ई. दुसऱ्यांदा जी मायनरमध्ये, खाली डी. दोन्ही जागा हाताला सारख्याच वाटतात. पहिली ए मेजरच्या त्या मोठ्या उभारणीकडे नेते, दुसरी २०८व्या बारपासूनच्या कोडाकडे, म्हणजे समारोपाच्या भागाकडे. मंचावर १९४ला आल्यावर हात ९४ची वाट धरू शकतो, आणि मग श्रोत्यांना शंभर बार परत ऐकावे लागतात. रोज या दोन जागा एकापाठोपाठ वाजवा. डावा हात कुठला सूर धरतोय तेवढंच बघा, ई की डी. पार्टिटामध्ये धोका प्रत्येक नृत्याच्या पुनरावृत्तीत आहे. पहिल्या भागाचा शेवट एफकडे, दुसऱ्याचा बी-फ्लॅटकडे. जिग या शेवटच्या नृत्यात हात एकमेकांवरून जातात, तिथे डोळ्यांची आठवण कामाला येते, म्हणून नजर कुठल्या पट्टीवर असेल तेही ठरवून ठेवा.

मंचावर अडकलात तर मागे जायचं नाही. पुढच्या थांब्यावर उडी. त्याचीही तालीम लागते आणि इथे तुमचे विद्यार्थी उपयोगी पडतात. ऑक्टोबरपासून मोठ्या मुलांना वर्गाच्या शेवटी पाच मिनिटं बसवा. तुम्ही वाजवत असताना त्यांनी मध्येच आकडा ओरडायचा, तुम्ही थेट तिथे पोचायचं. मग तुम्ही त्यांच्या तुकड्याचा आकडा ओरडायचा. त्यांच्यासाठी पाठांतराचा हा सगळ्यात चांगला धडा आहे, तुमच्यासाठीही.

पुस्तक समोर ठेवून वाजवलं तरी काही बिघडत नाही, हेही सांगून ठेवते. पाठ वाजवायची सक्ती संगीताच्या इतिहासात फार जुनी नाही. एकट्या वादकाच्या कार्यक्रमाला रिसायटल हे नाव लिस्टनं लंडनमध्ये १८४० साली वापरलं, आणि त्याच सुमाराला न बघता वाजवण्याची पद्धत रुळू लागली. इंग्लिश पियानोवादक मायरा हेस उत्तरायुष्यात पुस्तक ठेवत. रशियन पियानोवादक रिख्टर यांनी शेवटच्या काळात अंधाऱ्या सभागृहात एक छोटा दिवा लावून, पुस्तक बघून वाजवलं. पण निर्णय नोव्हेंबर सुरू होण्याआधी घ्या आणि मग बदलू नका. पाठ वाजवायची सवय असलेली नजर पुस्तकावर गेली की परत पट्ट्यांवर येताना चुकते, म्हणून पुस्तकासह सराव किमान पाच आठवडे हवा. सोनाट्यापुरतं पुस्तक आणि बाकी पाठ, हाही चांगला पर्याय आहे.

दिवाळीची सुटी सोन्यासारखी आहे. वर्ग दोन आठवडे पूर्ण बंद ठेवा आणि हे पालकांना आत्ताच कळवा. रिसायटलच्या आधीचा आठवडाही मोकळा. सुटीनंतर लोकांसमोर किमान पाच वेळा पूर्ण कार्यक्रम वाजवा : विद्यार्थ्यांसमोर, शाळेत, ओळखीच्या घरी, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या पियानोवर, मग तो जुना अपराइट (उभा पियानो) असला तरी चालेल. त्यातल्या एकदा तीन जिने चढून या आणि हात गरम न करता लगेच बसा. मंचावर छाती जशी धडधडते तशी धडधडत असताना पार्टिटाची शांत सुरुवात कशी होते ते कळेल. भीतीसाठी प्रोप्रॅनोलॉल हे धडधड कमी करणारं औषध घेणारे वादक आहेत, पण दमा किंवा मंद नाडी असलेल्यांना ते धोक्याचं ठरतं. डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय, आणि आधी एखाद्या साध्या दिवशी घेऊन बघितल्याशिवाय, ते नको.

पट्ट्या चिकटतात त्याचं कारण ओल. प्रत्येक पट्टी दोन पिनांवर बसते आणि पिनांच्या छिद्रांना कापडाचं अस्तर असतं. लाकूड आणि अस्तर फुगलं की पट्टी वर यायला वेळ लागतो. तेल किंवा गंज काढायचा फवारा मारू नका, अस्तर कायमचं खराब होतं. आर्द्रतामापक पियानोजवळ ठेवा. आकडा ४५ ते ६० टक्क्यांत राहिला पाहिजे. खोली बंद करून डीह्युमिडिफायर ५५वर लावा, तोही सलग, फक्त वाजवताना नाही, कारण खरं नुकसान चढउतारानं होतं. पावसाची ओल येणाऱ्या भिंतीपासून पियानो हलवा. ओलीनं साउंडबोर्ड, म्हणजे आवाज मोठा करणारी लाकडी फळी, फुगतो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. पाऊस सरल्यावर तोच सूर उतरतो. म्हणून आत्ता ट्यूनिंग करून फार फायदा नाही. चिकटणाऱ्या पट्ट्या ट्यूनरकडून आत्ता मोकळ्या करून घ्या, आणि पूर्ण ट्यूनिंग पाऊस संपून दोन-तीन आठवड्यांनी, हवा स्थिरावल्यावर करा.

शिकवण्यानं वादक संपते, या वाक्यावर थोडं. शोपाँनं आयुष्यात सार्वजनिक कार्यक्रम फार केले नाहीत, सुमारे ३० मोजले जातात. पॅरिसमधला त्याचा संसार शिकवण्यांवर चालला, वर्गाला २० फ्रँक. मोसमात रोज चार-पाच शिकवण्या. विद्यार्थ्यांना तो आधी बी मेजरचा स्केल द्यायचा, सी मेजरचा नाही, कारण लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आणि अंगठा-करंगळी पांढऱ्यांवर पडली की हात आपोआप नैसर्गिक ठेवणीत बसतो. हे त्याच्या वाजवण्यातूनच आलेलं शिकवणं होतं. जर्मन पियानोवादक क्लारा शुमाननं १८७८पासून फ्रँकफर्टच्या होख कॉन्झर्वेटरीत शिकवलं आणि तेव्हाही मंचावर वाजवलं. हात दुखला म्हणून तिनंही मध्ये काही काळ कार्यक्रम थांबवले होते. तुमच्या विद्यार्थ्यांना वाजवणाऱ्या बाई मिळाल्यात. पुण्यात किती मुलांना तसं मिळतं? सकाळ तुमची झाली की संध्याकाळचा राग कमी होईल.

या आठवड्यात मुंबईच्या सभागृहाला पत्र पाठवा आणि हे विचारा. पियानो कुठला आणि किती लांबीचा? शेवटचं ट्यूनिंग कधी झालं? कार्यक्रमाच्या दिवशी ट्यूनर येईल का, आणि मंचाचे दिवे व वातानुकूलन तासभर चालू ठेवून मग ट्यूनिंग होईल का? तालमीसाठी दोन तास मिळतील का? बाकाची उंची बदलते का? तालमीत डावं पेडल नीट तपासा. त्यानं हातोड्या किंचित सरकतात आणि फेल्टचा वेगळा भाग तारांवर पडतो. प्रत्येक पियानोवर त्याचा रंग वेगळा, आणि तुमच्या सोनाट्यात उलटा फ्यूग बेथोव्हननं नेमका तिथूनच, डाव्या पेडलवर सुरू करायला सांगितला आहे. रिकाम्या सभागृहात आवाज घुमेल, माणसं बसल्यावर तो कोरडा होईल. म्हणून तालमीत उजवं पेडल तुम्हाला हवं त्याहून जरा कमी घ्या, आणि संध्याकाळी पार्टिटाच्या पहिल्याच पानावर कान देऊन ते पुन्हा ठरवा.